सासऱ्यांच्या नावाचं लॉगिन

आमच्या घरच्या कॉम्प्युटरचं लॉगिन सासऱ्यांच्या नावाचं होतं, आणि सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात माउसला हात लावला नव्हता. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. विजेचं बिल त्यांच्या नावावर, टेलिफोन त्यांच्या नावावर, सातबारा त्यांच्या नावावर, गॅसचं पुस्तक त्यांच्या नावावर, मग कॉम्प्युटर काय वेगळा? धाकट्या दिराने तो बसवला तेव्हा पडद्यावर नाव विचारलं गेलं आणि त्याने वडिलांचं नाव ठोकून दिलं. पासवर्ड म्हणजे कुलदेवीचं नाव. तो घरात सगळ्यांना ठाऊक होता, अगदी सासूबाईंनासुद्धा, ज्यांना कॉम्प्युटर बंद कुठून करतात ते ठाऊक नव्हतं.

मी तुळिंजची. वडील कोकणातून नोकरीसाठी आलेले, नालासोपाऱ्यात दोन खोल्या घेतलेल्या. बारावीनंतर मी डीटीपी शिकले आणि स्टेशनजवळच्या एका प्रेसमध्ये मराठी टाइप करायला लागले. लग्नपत्रिका, दुकानांची हँडबिलं, मंडळांचे अहवाल, पडेल ते. माझा हात चालायचा. जोडाक्षराला अडखळायचे नाही, आणि मालकापेक्षा माझं शुद्धलेखन बरं आहे हे मालकच गिऱ्हाइकांना सांगायचा. लग्न होऊन वसईकडच्या निर्मळ गावी आले आणि ते सुटलं. सासर वाडीवालं. केळी, मोगरा, झेंडू, भाजी. पहाटे फुलं खुडून बाजारात गेली पाहिजेत, तर सून स्टेशनला जाऊन लोकांच्या पत्रिका करत बसणार कशी? सासूबाई वाईट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "घरी आहे ना कॉम्प्युटर. घरीच कर काय ते." मला ते खरं वाटलं.

दोन हजार चारच्या आसपास प्रेसमधल्या एका जुन्या ओळखीतून पुण्यातल्या एका संस्थेचं काम कळलं. जुनी मराठी पुस्तकं त्यांना युनिकोडमध्ये टाइप करून हवी होती, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तीच अक्षरं दिसतील अशी. आधी एक पुस्तक नमुन्याला. चुका कमी निघाल्या आणि दिवाळीच्या आत आलं, तर कायमचं काम, तेही घरबसल्या. झेरॉक्सचा गठ्ठा कुरिअरने आला. पुस्तक होतं बागाईतीवरचं, खूप जुनं, लिहिणाऱ्याची भाषा अशी की एकेक वाक्य बैलगाडीसारखं चालायचं. तो गठ्ठा मांडीवर घेतला आणि मला खरंच पोटातून आनंद झाला. लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या कामासाठी विचारलं होतं. हे एक पुस्तक नीट आणि वेळेत गेलं की माझं काम मला परत मिळणार होतं. दुसरं मला काही नको होतं.

सासऱ्यांनाही कौतुक वाटलं, नाही म्हणणार नाही. दुपारी ओटीवर पडल्या पडल्या ते म्हणायचे, "आज केळीचं काय लिहिलंय बघू." मी मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं, कधी काढावेत, कसे लावावेत ते वाचून दाखवलं. ऐकून घेऊन म्हणाले, "लिहिणाऱ्याने स्वतः केळ लावलेली नाही." आम्ही दोघं हसलो. तशा दुपारी फार नव्हत्या, पण होत्या.

आता भानगड कशी सुरू झाली ते सांगते. आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. दिराने बी.कॉम.नंतर वसईत हार्डवेअरचा कोर्स केला होता आणि कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून ते टाकलं होतं. फुकट, आणि व्हायरस लागत नाही. लिनक्समध्ये पडद्यावरची मांडणी, म्हणजे खालची पट्टी, मेनू, खिडक्यांच्या कडा, हे सगळं एकाच प्रकारचं नसतं. वेगवेगळ्या लोकांनी बनवलेल्या वेगवेगळ्या मांडण्या मिळतात, त्यांनाही डेस्कटॉप म्हणतात. आपल्याला आवडेल तो घ्यायचा. आमच्याकडे पहिल्यापासून होता तो साधा, करड्या रंगाचा. त्यात वर कोपऱ्यात एक बटण होतं, ते दाबलं की इंग्रजीचं मराठी व्हायचं. मला तेवढं पुरे होतं. पण दिराला चकचकीत निळा हवा होता. नव्या सीडीवर तो मिळाला आणि त्याने करड्याच्या जोडीला निळा बसवला. "वहिनी, तुमचा तुम्हाला, माझा मला. चालू करताना फक्त निवडायचा," म्हणाला. ऐकायला किती छान.

दुसऱ्या दुपारी फुलांच्या करंड्या रवाना करून मी बसले, तर मराठीचं बटण गायब. अक्षरं अशी बारीक की डोळा लावून वाचावी लागावीत. माझ्या करड्या पट्टीवर निळी पट्टी चढून बसलेली. पडद्यावरचं चित्र एकदा माझं, एकदा त्याचं, असं लुकलुकत होतं. पडदा कुणी रंगवायचा यावर दोघांची जुंपली होती. मी बटण शोधून परत लावलं. रात्री दीर बसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब. विचारलं तर म्हणे, "तुम्ही कायतरी दाबलं असणार." मी काय दाबणार? मी दाबते ती अक्षरं.

मग एक दिवस दुपारभर टाइप केलं, सेव्ह केलं, चहा करून आले आणि फाईल उघडली, तर मी त्या दुपारी टाइप केलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या. झालं होतं असं, की माझ्या फाइली आता दिराच्या डेस्कटॉपमधल्या प्रोग्रॅममध्ये उघडायला लागल्या होत्या आणि त्याने तो इंग्रजीपुरता लावून ठेवला होता. दिसताना मराठी दिसायचं, साठवताना जायचं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तशी माझ्या मजकुराची गत. मी ती पानं पुन्हा टाइप केली. रडू आलं, पण ते स्वयंपाकघरात जाऊन रडले, कारण ओटीवर सासरे होते.

घरातल्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं. आतला मोडेम लिनक्सला ओळखू येत नव्हता, आणि आला असता तरी फुलांच्या व्यापाऱ्यांचे फोन यायचे, ती लाइन कोण अडवू देणार? म्हणून मी माहेरी गेले की तुळिंजच्या सायबर कॅफेत बसायचे. तयार झालेली प्रकरणंही फ्लॉपीवर नेऊन तिथूनच पुण्याला पाठवत होते. भारतीय भाषांचं काम करणाऱ्या लोकांचा एक ईमेलचा गट होता, तिथे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं रामायण लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं, कुणा अनोळखी माणसाचं, दक्षिणेतला असावा. त्याने साधं विचारलं होतं: तुम्ही दोघं एकच लॉगिन वापरता का? वापरत असाल तर दोन्ही डेस्कटॉप आपापली सेटिंगं एकाच फोल्डरात लिहितात आणि एकमेकांची पुसतात. भांडण डेस्कटॉपांचं नाही, जागेचं आहे. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, दोघंही सुखाने राहतील. दोन मिनिटांचं काम आहे.

त्या माणसाला निर्मळ ठाऊक नव्हतं.

नवं लॉगिन करायला वरचा पासवर्ड लागतो. त्याला रूट म्हणतात, आणि तो दिराकडे होता. मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "बाबांना विचारा." म्हणून रात्री जेवताना विषय काढला. नवरा मुंबईच्या ऑफिसातून दमून आलेला, पानावर मान खाली. मी शक्य तेवढं सोपं करून सांगितलं, की कॉम्प्युटर तोच, टेबल तेच, फक्त आत बाबांच्या नावाऐवजी एक माझ्या नावाचा आणि एक भाऊजींच्या नावाचा कप्पा. सासरे जेवायचे थांबले.

"माझं नाव काढणार?"

"काढायचं नाही, बाबा. तुमचं तसंच राहील. आम्ही आमची नवी करू."

"म्हणजे एका घरात तीन घरं."

सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "आज कॉम्प्युटरमध्ये वेगळं, उद्या भाताचं आधण वेगळं. आमच्यात नाही चालत गं हे."

कुणी म्हणेल, काय अडाणी माणसं. तशी ती नव्हती. त्यामागे एक गोष्ट होती. सासऱ्यांच्या चुलत्यांकडे भावाभावांचं फाटलं होतं, वाडीच्या मधोमध भिंत आली होती, आणि बावखल, म्हणजे वाडीला पाणी देणारं आमचं तळं, त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या होत्या. सगळी भावकी फुटली, पण आमची चूल एक राहिली, हे सासऱ्यांच्या आयुष्याचं भूषण होतं. लग्नाच्या बोलणीत माझ्या वडिलांनाही त्यांनी हेच पहिलं सांगितलं होतं. त्यांच्या घरात कुठल्याच कपाटाला किल्ली नव्हती. घरच्या माणसाने घरच्या माणसापासून काही वेगळं ठेवायचं, त्याला पासवर्ड लावायचा, हे त्यांना भिंत घालण्यासारखंच वाटलं. ते मला तेव्हाही समजत होतं. पण समजून करू काय? माझी बाजू समजून घ्यायला तिथे कोण बसलं होतं?

त्यानंतर ते आपसात घरच्या बोलीत बोलायला लागले. तिकडच्या जुन्या घरांची बोली वेगळीच असते. माझ्याशी ते शाळेतलं मराठी बोलायचे, आणि मला ऐकू जायला नको असलं की घरची बोली. लग्नाला वर्ष झाल्यावर मला ती सगळी कळत होती, पण कळते असं मी दाखवलं नव्हतं. सासूबाई म्हणत होत्या, की सोपाऱ्याच्या बिल्डिंगीतल्या मुली, त्यांना दार लावून राहायची सवय.

शेवटी नवऱ्याने तोडगा काढला. "तू दुपारी बस, तो रात्री बसेल. एकमेकांत यायचंच नाही." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आम्ही एका वेळी बसतो म्हणून थोडंच बिघडत होतं? तो रात्री बसून गेला की दुपारी मला त्याचंच उष्टं निस्तरावं लागत होतं. हे मी त्याला झोपण्यापूर्वी पुन्हा समजावलं, तर म्हणाला, "जाऊ दे ना. घर आहे, चालायचंच." हे वाक्य त्याला फार आवडतं.

मग मी माझ्यापुरता मार्ग काढला. त्या अनोळखी माणसाने दुसऱ्या पत्रात एक युक्ती कळवली होती. डेस्कटॉप सुरू व्हायच्या आधी काळ्या पडद्यावर जायचं, तिथे निळ्याची सेटिंगं उचलून बाजूला ठेवायची आणि आपली आणून मांडायची. उठताना पुन्हा त्याची जागेवर. मी कॉम्प्युटरला त्यासाठी द्यायच्या आज्ञा एका लहानशा फाइलीत लिहून ठेवल्या, बसताना एक चालवायची, उठताना दुसरी. भाड्याच्या हॉलमधलं लग्न असतं तसं. आपलं तोरण लावा, कार्य करा, आपलं तोरण काढा, पुढच्या पार्टीचं लावा. पण चाललं. मराठीचं बटण जागेवर, अक्षरं वाचण्याजोगी, पट्टी एकच. प्रकरणांमागून प्रकरणं उरकायला लागली. फुलं तोडताना मनात पुढची वाक्यं यायची. मी खुश होते, उगाच खोटं कशाला बोलू.

मजकुराचा फोल्डरही मी जपून ठेवला. लिनक्समध्ये फोल्डरच्या नावाआधी एक टिंब दिलं की तो एरवी दिसत नाही. वेगळं लॉगिन मिळालं नाही, निदान टिंब तरी मिळालं. दिराच्या प्रोग्रॅमने चुकून उघडू नये, कुणाच्या हाताखाली येऊ नये, म्हणून माझं पुस्तक मी त्या टिंबामागे ठेवलं. फ्लॉपी कॅफेपर्यंत न्यायला ठीक, पण तिच्यावर प्रत जपून ठेवायची तर आमच्या समुद्राकडच्या हवेत फ्लॉपीला बुरशी धरते. दोनदा धरली, तिसऱ्यांदा मी नाद सोडला.

मध्ये एकदा कॉम्प्युटर आतच घेईना. नाव आणि पासवर्ड दिला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि परत नाव विचारायचा. दीर दोन दिवस खटपट करून हरला. मी तुळिंजला जाऊन गटावर विचारून आले. निघालं असं, की दिराने रूट होऊन काहीतरी हलवाहलव केली होती आणि सासऱ्यांच्या फोल्डरातली एक लहानशी फाईल रूटच्या मालकीची होऊन बसली होती. लिनक्समध्ये प्रत्येक फायलीला मालक असतो, काळ्या पडद्यावर यादी काढली की तिच्यापुढे त्याचं नाव लिहिलेलं दिसतं. फोल्डर आपला असला तर आत शिरलेली परक्याची फाईल आपण काढून टाकू शकतो. काढली, आणि चालू झालं. मला वाटलं, दीर बरं म्हणेल. तो म्हणाला, "रूटच्या फायलीला हात लावायचा नाही हां, वहिनी. उद्या सगळं उडेल." ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

त्या यादीत मी खालपासून वरपर्यंत पाहिलं होतं. माझ्या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणापुढे मालक म्हणून सासऱ्यांचं नाव होतं. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं.

दसऱ्याच्या आधीचे दिवस झेंडूवाल्या घरात कसे जातात ते वाडीत राहिल्याशिवाय कळायचं नाही. घरात चालत्याबोलत्या प्रत्येक माणसाने खुडायचं, निवडायचं, करंड्या भरायच्या. बोटं पिवळी होतात, जेवणाला झेंडूचा वास येतो. माझं टायपिंग पुरं झालं होतं. अर्धं पुस्तक पुण्याला पोचलं होतं, उरलेल्या अर्ध्यावरून एकदा नजर फिरवायची तेवढी बाकी होती. दसरा झाला की दोन दुपारी बसेन आणि पाठवून देईन, असा हिशोब करून मी वाडीत उतरले. त्या दिवसांत कॉम्प्युटरकडे फिरकलेही नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयते, कुदळी, पाण्याचा पंप, स्कूटर, सगळं धुऊनपुसून पूजेला मांडतात. कॉम्प्युटर आल्यापासून त्यालाही पाटावर मान मिळाला होता. दिराने ठरवलं, यंदा तो आतूनही स्वच्छ करायचा. जुनं सगळं पुसून नव्या सीडीवरून नवं कोरं लिनक्स टाकायचं. कल्पना त्याची एकट्याची नव्हती, सासऱ्यांनी मान डोलावली होती. वर्षाचा कचरा काढायचा, हातात घ्यायची वस्तू लख्ख करून पुजायची, यात गैर काय होतं? मी वाडीच्या त्या टोकाला झेंडू खुडत होते. मला कुणी विचारलं नाही. विचारायचं कशाला, कॉम्प्युटर बाबांचा.

पूजेला मी आत आले. मॉनिटरला हळदकुंकू, कीबोर्डवर अक्षता, आणि वर मीच खुडलेल्या झेंडूचा हार. पडदा चालू होता, सगळा निळा निळा, चकचकीत. माझी करडी पट्टी कुठेच नव्हती. मला तिथेच कळलं. पूजा होऊ दिली, आरती झाली, प्रसाद वाटला. मग हात धुऊन बसले आणि काळ्या पडद्यावर यादी काढली. टिंबवाल्या नावांत माझं नाव नव्हतं.

"भाऊजी, माझा फोल्डर?"

"कुठला? मी सगळं काढून ठेवलंय ना. गाणी आहेत, बाबांच्या सत्काराचे फोटो आहेत."

"माझं पुस्तक होतं त्यात."

"दिसलं नाही मला. दिसलं असतं तर ठेवलं असतं." आणि मग तो जे म्हणाला ते मी अजून विसरले नाही. चिडून नाही म्हणाला, अगदी सरळ म्हणाला, "वहिनी, सगळं बाबांच्या नावावर होतं. त्यात तुमचंही काही आहे हे मला कसं कळणार?"

तो खरं बोलत होता. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बॅकअप घ्यायचास ना." उचलली जीभ, लावली टाळ्याला. सासूबाई म्हणाल्या, सणाच्या दिवशी डोळ्यांत पाणी नको. सासरे म्हणाले, "कागद आहेत ना तुझ्याकडे? परत कर. तुझा हात चालतो." त्यांच्या परीने तो धीर होता. मला मात्र त्या क्षणी त्या घराचा इतका संताप आला, की मी ओटीवरून उठले ते थेट विहिरीपाशी जाऊन बसले. जीव द्यायला नव्हे, गैरसमज नको. तिथे पंपाचा आवाज असतो, शिव्या दिल्या तर ऐकू जात नाहीत.

झेरॉक्सचे कागद होते, हे खरं. मी पुन्हा सुरुवात केली. पण दसऱ्यामागून दिवाळी असते आणि झेंडू दिवाळीलाही लागतो. मुदत टळली तेव्हा मी नाक्यावरच्या बूथवरून पुण्याला फोन केला. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या. तुमचं काम स्वच्छ होतं म्हणाल्या, अगदी मोजक्या चुका. पण बाकीचं पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी दिलं होतं. "पुढे काही निघालं तर कळवू." निघालं नाही, किंवा निघालं असेल तर कळवलं नाही. कागदांचा गठ्ठा मी माळ्यावर टाकला. तिथे वाळवी लागली तेव्हा सासूबाईंनी तो बंबात घातला, मला विचारून घातला, आणि मी घाला म्हणाले.

पुढच्या चार-पाच वर्षांत वाडीच्या रस्त्याकडच्या बाजूला जमिनीला अशी काही किंमत आली, की दिराचं लग्न झाल्या झाल्या त्याने तिथे बंगला बांधायला काढला. वेगळा. वेगळं स्वयंपाकघर, वेगळं मीटर, मध्ये कंपाउंड. मला वाटलं, आता सासरे आकाशपाताळ एक करतील. कसलं काय. ते रोज सकाळी काठी टेकत बांधकामावर पाणी मारायला जायचे. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, की मुलं मोठी झाली की वेगळी व्हायचीच, नवी सून शिकलेली आहे, तिला तिची जागा नको? मी आतून ऐकत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मागितला होता कॉम्प्युटरमधला एक कप्पा.

जुना कॉम्प्युटर आमच्या वाट्याला आला, कारण दिराने लॅपटॉप घेतला होता. एका दुपारी तो कागद घेऊन आला. "वहिनी, वास्तुशांतीची पत्रिका आहे. तुमच्याइतकं मराठी कुणाला जमत नाही. छापायला देण्याआधी नीट टाइप करून द्याल?" मी म्हटलं, देते, पण कॉम्प्युटरमध्ये आधी काही बदल करावे लागतील, रूटचा पासवर्ड द्या. त्याला हसू आलं. "तोच की हो. आपला नेहमीचा. कुलदेवीचा."

म्हणजे इतकी वर्षं तो घरात सगळ्यांना ठाऊक होता. मला वेगळा सांगितलेला नव्हता म्हणून मी कधी लावूनच पाहिला नव्हता.

मी माझ्या नावाचं लॉगिन केलं. खरंच दोन मिनिटं लागली. करड्या मांडणीची सीडी शोधून तीही टाकली. सासरे ओटीवर होते, त्यांनी विचारलं, "काय करतेस?" मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "माझ्यासाठी वेगळं लॉगिन करते, बाबा."

"कर की," ते म्हणाले. "हल्ली सगळ्यांचं वेगळंच असतं."

नवरा मागून डोकावला आणि म्हणाला, माझ्याही नावाचं एक करून ठेव. केलं. त्याला निळा आवडतो, त्याला निळा दिला. माझं मराठीचं बटण कोपऱ्यात जागच्या जागी आलं, आणि आजपर्यंत एकदाही हललेलं नाही. भांडण नाही, लुकलुक नाही. सगळं तयार होतं, आणि टाइप करायला माझं असं काहीच नव्हतं. म्हणून माझ्या नावाच्या त्या कोऱ्या फोल्डरात मी पहिली फाईल केली ती वास्तुशांतीच्या पत्रिकेची.

कागदावर दिराचं अक्षर गिचमिड होतं, तरी कुठे अडले नाही. वर गणपती, मग कुलदेवी, मग विधीची वेळ आणि भोजनाची. निमंत्रक म्हणून पहिलं नाव सासऱ्यांचं, त्याखाली दीर, त्याखाली त्याची बायको. दोनदा तपासलं, चूक एकही नव्हती. शेवटच्या ओळीत कागदावर होतं तसं मी टाइप केलं, 'आणि समस्त परिवार'. त्यात मी होते.